'अ' जीवनसत्त्वाची कमतरता आणि बालपणीच्या संसर्गांची तीव्रता

गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वाचे, म्हणजे व्हिटॅमिन एचे, मोठे डोस दिले जातात, तेव्हा बहुतेक पालकांना ते अशक्तपणा भरून काढणारे टॉनिक वाटते. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार हे डोस गोवराच्या उपचाराचाच भाग आहेत. हे जीवनसत्त्व गोवराच्या विषाणूला मारत नाही, तरीही त्याच्या वापराने लहान मुलांमधील मृत्यू कमी झाल्याचे दिसून आले आहे. हे कसे घडते, ते समजून घ्यायचे तर दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. मुलाला संसर्ग होतो की नाही, हा एक प्रश्न. झालेला संसर्ग आठवडाभरात ओसरतो की जिवावर बेततो, हा दुसरा. 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा संबंध मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाशी आहे. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे' या जाहिरातींनी पार गुळगुळीत करून टाकलेल्या शब्दप्रयोगात हे दोन्ही प्रश्न एकत्र कालवले जातात. त्यामुळे या जीवनसत्त्वाकडून नको त्या अपेक्षा केल्या जातात आणि त्याचा खरा उपयोग नजरेआड राहतो.

श्वासनलिकेचे आतले अस्तर जवळून पाहिले, तर या जीवनसत्त्वाचे काम लक्षात येते. निरोगी मुलाच्या श्वासनलिकेत पेशींचा एक ओलसर थर असतो. त्यातल्या काही पेशी सतत चिकट श्लेष्मा स्रवतात, तर काही पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात आणि ते एका लयीत हलून, श्लेष्म्यात अडकलेली धूळ व जंतू घशाच्या दिशेने वर ढकलत राहतात. 'अ' जीवनसत्त्व पुरेसे नसेल, तर झिजलेल्या पेशींच्या जागी तयार होणाऱ्या नव्या पेशी या कामासाठी घडतच नाहीत. त्या चपट्या, कोरड्या आणि त्वचेच्या वरच्या थरासारख्या कडक होतात. श्लेष्मा आटतो, केस नाहीसे होतात आणि आत आलेला जंतू बाहेर काढण्याची सोयच उरत नाही. वुलबाख आणि होव या अमेरिकी संशोधकांनी १९२५ साली उंदरांवरील प्रयोगांत हा बदल सविस्तर नोंदवला होता, आणि तो केवळ श्वसनमार्गातच नव्हे, तर मूत्रमार्ग, लाळग्रंथी आणि डोळ्यांतही होत असल्याचे दाखवले होते.

पेशींना 'तू अमुक प्रकारची हो' हा निरोप नेमका कसा मिळतो, हे पुढे उलगडले. आहारातून आलेल्या रेटिनॉलचे, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या शरीरातील मुख्य रूपाचे, पेशीत रेटिनोइक आम्ल बनते. ते पेशीकेंद्रकातील ग्राहींना, म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनांना, जाऊन चिकटते आणि त्यातून काही जनुके कार्यरत होतात, तर काही थांबतात. रोगप्रतिकारक पेशींनाही या आम्लाची गरज लागते. आतड्याजवळ तयार झालेल्या लसिकापेशींनी रक्तातून फिरून पुन्हा आतड्याच्याच भिंतीत पोहोचावे, यासाठी लागणाऱ्या खुणा त्यांच्या पृष्ठभागावर याच आम्लामुळे उमटतात. आतड्याच्या आतल्या बाजूस स्रवणारी प्रतिपिंडे तयार होण्यातही त्याचा वाटा असतो. म्हणजे कमतरतेत दोन गोष्टी एकाच वेळी बिघडतात. अस्तर दुबळे होते आणि अस्तराच्या मागे असणारा पेशींचा बंदोबस्तही विस्कळीत होतो. जंतू तर दोन्ही प्रकारच्या मुलांच्या नाकातोंडात शिरतातच. फरक पडतो तो त्यानंतर.

ही कमतरता सर्वांत आधी नजरेस पडते ती डोळ्यांत. अंधूक प्रकाशात पाहण्यासाठी दृष्टिपटलाला लागणारे रंगद्रव्य 'अ' जीवनसत्त्वापासूनच बनते, त्यामुळे साठा घटला की रातांधळेपणा येतो. दिवसभर हुंदडणारे मूल तिन्हीसांजेला अडखळू लागते, समोर ठेवलेली वस्तू चाचपडत शोधते, किंवा अंधार पडू लागताच एका जागी बसून राहते. एवढ्या लहान मुलाची दृष्टी तपासणे अवघड असते. पण 'संध्याकाळी याला नीट दिसते का?' या प्रश्नाला आईने दिलेले उत्तर निदानासाठी चांगलेच विश्वसनीय ठरते, असे क्षेत्रीय पाहण्यांत दिसून आले आहे. पुढच्या टप्प्यावर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बहुधा कानाकडच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा दिसणारा पांढुरका ठिपका उमटतो. त्याला बिटॉटचा डाग म्हणतात. श्वासनलिकेत होणारा तोच बदल इथे उघड्यावर दिसत असतो. कमतरता तीव्र झाली, तर डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो, त्याला व्रण होतात आणि काही वेळा तो विरघळून डोळा कायमचा जातो.

डोळ्यांची ही लक्षणे वैद्यकाला जुनी माहीत होती, त्यामुळे 'अ' जीवनसत्त्व म्हणजे डोळ्यांचे जीवनसत्त्व असे समीकरण बसले. संसर्गाशी असलेला त्याचा संबंध मात्र एकदा सापडून पुन्हा विसरला गेला, आणि ही हकिकत थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. १९२८ साली ब्रिटनमध्ये ग्रीन आणि मेलॅनबी यांनी प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे 'अ' जीवनसत्त्वाला संसर्गरोधक घटक म्हटले. १९३२ साली लंडनमधील ग्रोव्ह रुग्णालयात जोसेफ एलिसन यांनी गोवराच्या ६०० मुलांचे ३००-३०० असे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळाले, आणि एका गटाला त्यासोबत 'अ' जीवनसत्त्वाने समृद्ध असा माशाच्या यकृताच्या तेलापासून केलेला अर्क दिला गेला. अर्क मिळालेल्या गटात ११ मुले दगावली, तर दुसऱ्या गटात २६. प्रतिजैविके उपलब्ध नसलेल्या त्या काळात हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. पण थोड्याच वर्षांत सल्फा औषधे आली, पाठोपाठ पेनिसिलिन आले, आणि जंतूलाच मारणारी औषधे हाती आल्यावर जंतूला तोंड देणाऱ्या शरीराकडे पाहण्याची निकड वैद्यकाला वाटेनाशी झाली.

हा धागा पुन्हा हाती लागला तो १९८०च्या दशकात, आणि तोही एका नेत्रतज्ज्ञाच्या. आल्फ्रेड सॉमर आणि त्यांचे सहकारी इंडोनेशियातील जावा बेटावर बालकांच्या अंधत्वाचा अभ्यास करत होते. सहा गावांमधील सुमारे साडेतीन हजार मुलांची दर ३ महिन्यांनी, असे १८ महिने तपासणी झाली. पुढे आकडेवारी तपासताना असे दिसले की, रातांधळेपणा किंवा बिटॉटचे डाग असलेली मुले पुढच्या तपासणीला मुळात हजरच नसण्याचे प्रमाण जास्त होते, कारण ती मरण पावली होती. ज्यांना डोळ्यांची 'सौम्य' म्हणवली जाणारी लक्षणे होती, त्या मुलांचा मृत्युदर इतर मुलांच्या सरासरी ४ पट होता. काही वयोगटांत तो ८ ते १२ पट होता. लक्षणे जितकी वाढलेली, तितका धोका अधिक. सर्वसाधारण कुपोषणाचा हिशेब धरूनही हा संबंध टिकून राहिला. १९८३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. शंका रास्तच होती, कारण ज्या घरात 'अ' जीवनसत्त्व कमी पडते त्या घरात इतरही पुष्कळ गोष्टी कमी पडतात, आणि मृत्यूचे खरे कारण त्यांपैकी दुसरेच काही असू शकते.

अशी शंका निरीक्षणांनी फिटत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष डोस देऊन पाहावे लागते. सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाकडील आचे प्रांतात ४५० गावांपैकी सुमारे निम्म्या गावांतील मुलांना ६ महिन्यांच्या अंतराने 'अ' जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले गेले. १९८६ साली जाहीर झालेल्या निकालानुसार त्या गावांतील लहान मुलांचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. मग इतर देशांत चाचण्यांची रीघ लागली. नेपाळमध्ये मृत्यूंत ३० टक्के घट दिसली. तमिळनाडूत मोठ्या डोसाऐवजी दर आठवड्याला आहारातून मिळावी एवढीच छोटी मात्रा दिली गेली, आणि तेथे घट ५४ टक्के होती. हैदराबादजवळची आणि सुदानमधील चाचणी मात्र फरक दाखवू शकली नाही. १९९३ साली सर्व चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा मृत्यूंतील सरासरी घट २३ टक्के निघाली.

सुरुवातीला वेगळे ठेवलेले दोन प्रश्न इथे कामाला येतात. तमिळनाडूतील चाचणीत मृत्यू निम्म्याहून कमी झाले, तरी जुलाब आणि श्वसनाचे आजार होण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. घानामध्ये याचीच अधिक बारकाईने तपासणी झाली. तेथील मुले जवळपास पूर्वीइतकीच आजारी पडत होती, खोकला-ताप-जुलाब पूर्वीसारखेच येत होते; पण 'अ' जीवनसत्त्व मिळालेल्या मुलांना दवाखान्यात नेण्याचे प्रसंग १२ टक्क्यांनी, रुग्णालयात दाखल करण्याचे प्रसंग ३८ टक्क्यांनी आणि मृत्यू १९ टक्क्यांनी कमी झाले. माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. आजारांची संख्या मोजली असती तर जीवनसत्त्व निरुपयोगी ठरले असते. केवळ मृत्यू मोजले असते, तर ते का घटले हे गूढच राहिले असते. आजार किती गंभीर झाला, हे मोजल्यावरच चित्र स्पष्ट झाले.

गोवराच्या बाबतीत हा परिणाम एवढा ठळक का, याचे उत्तर त्या आजाराच्या स्वभावात आहे. गोवराचा विषाणू श्वसनमार्गाच्या, आतड्याच्या आणि डोळ्यांच्या अस्तरावर, म्हणजे जिथे या जीवनसत्त्वाची गरज सर्वाधिक आहे नेमक्या तिथेच, हल्ला करतो. तो रोगप्रतिकारक पेशींमध्येही शिरतो आणि पुरळ मावळल्यानंतर काही आठवडे, काही बाबतींत महिने, शरीर इतर जंतूंपुढे दुबळे ठेवतो. गोवराने मरण पावणारी बहुतेक मुले पुरळाने मरत नाहीत. त्यापाठोपाठ येणारा न्यूमोनिया, जुलाब, घसा सुजून होणारा श्वासरोध अशा गुंतागुंतींनी मरतात. फाटलेले अस्तर लवकर भरून आले तर या गुंतागुंती टळू शकतात, आणि अस्तर भरून येण्यासाठीच 'अ' जीवनसत्त्व लागते.

केप टाउनमधील एका रुग्णालयात १९८७च्या सुमारास तीव्र गोवराच्या १८९ मुलांवर झालेल्या चाचणीत हे अगदी स्पष्ट दिसले. तेथील मुलांमध्ये डोळ्यांची लक्षणे क्वचितच आढळत, म्हणजे वरवर पाहता कमतरता नव्हती. तरीही रक्ततपासणीत ९२ टक्के मुलांचे रेटिनॉल कमी निघाले. 'अ' जीवनसत्त्व मिळालेल्या ९२ मुलांपैकी २ दगावली. औषधासारखी दिसणारी निष्क्रिय मात्रा मिळालेल्या ९७ पैकी १०. बऱ्या झालेल्या मुलांमध्येही फरक होता. न्यूमोनियातून सावरायला पहिल्या गटाला सरासरी सुमारे ६ दिवस लागले, तर दुसऱ्याला सुमारे १२. पुढील चाचण्यांचा एकत्रित विचार केला असता, एकच डोस दिल्याने खात्रीशीर फायदा दिसला नाही. लागोपाठ दोन दिवस दिलेल्या दोन डोसांचा फायदा दिसला, आणि तो दोन वर्षांखालील मुलांमध्ये सर्वाधिक होता.

डोळे चांगले, खाणेपिणे बरे, आणि तरीही रक्तातले रेटिनॉल एवढे कमी कसे, हा प्रश्न इथे पडायला हवा. शरीरातले बहुतेक 'अ' जीवनसत्त्व यकृतात साठवलेले असते आणि हे कोठार जवळपास रिकामे होईपर्यंत रक्तातली पातळी फारशी हलत नाही. यकृतातून बाहेर पडताना रेटिनॉलला एका वाहक प्रथिनाची गरज लागते. जोराचा संसर्ग झाला की यकृत या प्रथिनाचे उत्पादन कमी करते, त्यामुळे साठा असूनही रक्तातली पातळी खाली येते. शिवाय न्यूमोनियासारख्या तीव्र आजारात, ताप भरलेला असताना, एरवी लघवीत जवळजवळ न जाणारे रेटिनॉल लघवीवाटे जाऊ लागते. जुलाबात अन्नातले जीवनसत्त्व शोषले जात नाही, मूल जेवत नाही, आणि अस्तर दुरुस्त करण्यासाठी मागणी मात्र वाढलेली असते. काठावर असलेले मूल एका गोवराच्या आजारात खोल कमतरतेत ढकलले जाते, ते असे. गोवरानंतर अंधत्व येण्याचे एक मोठे कारणही हेच आहे. कमतरतेने संसर्ग बळावतो आणि संसर्गाने कमतरता, ही दुहेरी साखळी स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ साली लिहिलेल्या ग्रंथात कुपोषणाच्या संदर्भात सविस्तर मांडली होती.

हे सगळे वाचून कोणत्याही तापात 'अ' जीवनसत्त्व द्यावेसे वाटेल; पण पुरावा तसे सांगत नाही. गोवराशी संबंध नसलेल्या न्यूमोनियात उपचार म्हणून मोठे डोस देऊन पाहिले गेले, आणि त्यातून मुले लवकर बरी झाल्याचे दिसले नाही. दुसरे उदाहरण 'ड' जीवनसत्त्वाचे आहे. मुडदूस झालेल्या मुलांची हाडे, बरगड्यांसह, मऊ राहतात, त्यामुळे छातीला श्वासाचा व खोकल्याचा जोर पेलत नाही. शिवाय काही जंतुनाशक प्रथिने बनवण्यासाठी पेशींना 'ड' जीवनसत्त्व लागते. इथिओपियात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, न्यूमोनिया झालेल्या मुलांमध्ये मुडदूस असण्याची शक्यता निरोगी मुलांच्या तुलनेत १३ पट निघाली होती. जावातील ४ पटींपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. तरीही काबूलमध्ये ३,०००हून अधिक अर्भकांना दर ३ महिन्यांनी 'ड' जीवनसत्त्वाचा मोठा डोस देऊन पाहिला, तेव्हा पहिल्यांदा होणाऱ्या न्यूमोनियाचे प्रमाण घटले नाही. मुडदुसावर 'ड' जीवनसत्त्व हाच उपाय आहे, यात शंका नाही. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक भरून काढल्यावर दुसरी टळेल, असे गृहीत धरता येत नाही. 'अ' जीवनसत्त्व या कसोटीला उतरले, आणि तेही काही ठरावीक आजारांपुरतेच.

मात्रेबद्दल थोडे सांगायला हवे. १ ते ३ वर्षांच्या मुलाची रोजची गरज साधारण ३०० मायक्रोग्रॅम असते. यकृत, अंडी आणि दूध यांतून थेट रेटिनॉल मिळते. गडद हिरव्या पालेभाज्या आणि नारिंगी रंगाच्या फळभाज्यांतून बीटा-कॅरोटिन मिळते, आणि त्याच्या १२ मायक्रोग्रॅमपासून शरीर जेमतेम १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल तयार करते. सोबत थोडे तेल-तूप असल्याशिवाय तेही नीट शोषले जात नाही. एक वर्षावरील मुलाला दिला जाणारा २ लाख आंतरराष्ट्रीय एककांचा डोस म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम, अर्थात सुमारे २०० दिवसांची गरज. प्रतिबंधक डोस ४ ते ६ महिन्यांच्या अंतराने देण्यामागचा हिशेब यावरून कळतो. गोवरात ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला यापेक्षा निम्मी आणि ६ महिन्यांखालील बाळाला पाव मात्रा दिली जाते, आणि डोळ्यांत कमतरतेची लक्षणे असतील तर काही आठवड्यांनी तिसरा डोस देतात.

एवढी मोठी मात्रा स्वतःच्या मनाने, घरच्या घरी, वारंवार द्यायची नसते. हे जीवनसत्त्व पाण्यात नव्हे, स्निग्ध पदार्थांत विरघळते; जास्त झालेले लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साचत राहते. अतिरेकाने डोकेदुखी, उलट्या, तान्ह्या बाळाची टाळू फुगणे आणि यकृताला इजा होणे असे परिणाम होतात. २०२५ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये गोवराची साथ पसरली, तेव्हा हे जीवनसत्त्व दिलेल्या काही मुलांच्या यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या आढळल्या होत्या. गोवर टाळण्यासाठी 'अ' जीवनसत्त्वाचा उपयोग नाही; त्यासाठी लसच लागते. जीवनसत्त्वाचे काम लस न मिळालेल्या किंवा लसीनंतरही गोवर झालेल्या मुलाची प्रकृती बिघडू न देणे, एवढेच आहे, आणि ते पुरेसे महत्त्वाचे आहे.

सरसकट सगळ्या मुलांना दर सहा महिन्यांनी डोस देत राहावे का, यावर तज्ज्ञांमध्ये अजून एकमत नाही. उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख मुलांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्यूंतील घट फक्त ४ टक्के दिसली, आणि तीही योगायोग म्हणून सोडून देण्याइतकी लहान. डोस खरोखर किती मुलांपर्यंत पोहोचले, यावर टीकाकारांनी बोट ठेवले. ही चाचणी धरूनही पुढील एकत्रित विश्लेषणांत सुमारे १२ टक्के घट टिकून राहिली. मला या मतभेदात दोन्ही बाजूंना तथ्य दिसते. गोवराची लस सर्वदूर पोहोचली आणि जुलाबाने होणारे मृत्यू कमी झाले, तर 'अ' जीवनसत्त्वाला वाचवण्यासारखे मृत्यूच कमी उरतात; पण जिथे ही परिस्थिती आलेली नाही तिथे जुने आकडे अजून लागू आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची सध्याची शिफारस त्यामुळेच सर्व देशांसाठी एकसारखी नाही. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी २० टक्के किंवा अधिक मुलांच्या रक्तात रेटिनॉल कमी आढळते, किंवा २ ते ५ वर्षांच्या मुलांत रातांधळेपणाचे प्रमाण १ टक्का वा अधिक आहे, अशा ठिकाणी ती लागू होते. ताप असताना रेटिनॉल खाली येते, हे लक्षात घेऊन अलीकडच्या पाहण्यांत रक्तातील दाह दर्शवणारी प्रथिनेही सोबत मोजली जातात, म्हणजे तात्पुरत्या आजाराने घसरलेली पातळी कमतरता म्हणून गणली जाऊ नये.